सरपंचताई, पाकिटं वाटण्याआधी शाळेच्या संडासाला कडी बसवा

मराठवाड्यातल्या सर्व महिला सरपंचांना,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, म्हणजे ज्यांच्या नावाचा शिक्का ग्रामपंचायतीत आहे त्यांना. बऱ्याच गावांत शिक्का बाईच्या नावाचा आणि तो उमटवणारा हात मालकांचा असतो, हे काही लपून राहिलेलं नाही. तेव्हा पत्र आधी मालकांच्या हाती पडलं, तर दादा, तुम्हीही वाचा. विषय बघून घडी घालून खिशात टाकू नका. लेकी तुमच्याही घरात आहेत.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावात लेडीज जनरल स्टोअर चालवते. बांगड्या, टिकल्या, पिना, मेंदीचे कोन, परकर, आतले कपडे आणि पॅड. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरच्या पोरी एसटीनं इथल्या ज्युनिअर कॉलेजला येतात आणि जाता-येता दुकानात डोकावतात. पॅडवर मला चार पैसे सुटतात. माझं म्हणणं ऐकताना तेवढं ध्यानात असू द्या. पण गल्ल्यावर बसलेल्या बाईला जे दिसतं ते आरोग्य खात्याच्या तक्त्यात येत नाही. पोरगी काय घेते, त्याआधी काय हातात घेऊन परत ठेवते, आणि सोबत कोण आलं की नुसतं टिकलीचं पाकीट घेऊन निघून जाते, हे सगळं माझ्यासमोर घडतं.

28 मे जवळ आला की मासिक पाळी स्वच्छता दिनाचे कार्यक्रम सुरू होतात. ग्रामपंचायतीही पाकिटं वाटतात. अशाच एका कार्यक्रमाआधी शेजारच्या गावच्या सरपंचताई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "पोरींना पॅड द्यायचेत, कंचं चांगलं हाय ते सांगा." प्रश्न एका ओळीचा होता, पण उत्तर काही उभ्या उभ्या देता येईना. म्हणून लिहायला बसले.

माझ्याकडं सगळ्यात जास्त खपतं ते एक्सएल, मोठं पॅड. कंपनीच्या सेल्समनला वाटतं, हा जाहिरातीचा प्रताप. मला बरेच दिवस वाटायचं की पोरींना अंगावरून जास्त जात असेल. मग एकीला विचारलं. सतरा-अठरा वर्षांची, अकरावी-बारावीतली. तिनं रात्रीचं म्हणून जे पाकीट मिळतं ते मागितलं होतं.

"दिवसाच वापरायचंय ना गं?"

"व्हय काकू. पण साडेसहाच्या गाडीला बसायचं, घरी जायला चार वाजतेत. मधी कुठं बदलू?"

कॉलेजात संडास आहे. त्याला दार आहे, पण कडी नाही. एक पोरगी आत जाते तेव्हा दुसरी बाहेरून दार धरून उभी राहते. पिंप आहे, त्यात सकाळी असलं तर पाणी असतं. वापरलेलं पॅड टाकायला डबा नाही, म्हणजे ते कागदात गुंडाळून दप्तरात, वह्यांच्या शेजारी, चार वाजेपर्यंत सोबत. असं दप्तर घेऊन पोरींनी वर्गात बसायचं, वरून सर कधीही म्हणणार, वह्या काढा. तेव्हा पोरी सोपा मार्ग काढतात. घरून निघताना सगळ्यात मोठं पॅड लावायचं, दिवसभर पाणी कमी प्यायचं आणि तेच पॅड घरी जाऊन काढायचं. चार ते सहा तासांनी पॅड बदलावं असं आशाताई सांगतात, डॉक्टर सांगतात, पाकिटावरही तसंच काहीतरी छापलेलं असतं. इथं ते नऊ-दहा तास अंगाला असतं. एप्रिल महिन्यात, पत्रा तापलेल्या एसटीत. जांघा सोलून निघतात. माझ्याकडं एक्सएलच्या पाकिटासोबत कैलास जीवनची छोटी डबी जाते ती उगीच नाही.

गावातच घर असलेल्या पोरी साधं, लहान पॅड नेतात. त्यांना मधल्या सुट्टीत घरी जाऊन येता येतं. वय तेच, वर्ग तोच, अंगावरून जाणंही बहुतेक तेवढंच. फरक फक्त घर किती लांब आहे याचा. तुम्ही उद्या सगळ्यांना एकसारखं लहान पॅड वाटलंत, तर एसटीनं येणारी पोरगी ते घेईल, आईला देईल आणि पस्तीस रुपये घेऊन माझ्याकडं येईल. आभारही मानेल तुमचे, कार्यक्रमात.

आता पैशाचं. तीस-चाळीस रुपयांच्या पाकिटात सहा-सात नग येतात. पाच दिवस, दिवसाला तीन-चार, असा पुस्तकी हिशेब लावला तर एकीला महिन्याला तीन पाकिटं लागतील. घरात दोन लेकी आणि आई, म्हणजे नऊ. नऊ पाकिटं नेणारं गिऱ्हाईक अजून माझ्या दुकानाची पायरी चढलेलं नाही. नेतात एक, फार तर दोन. ती कॉलेजच्या दिवसांसाठी जपून ठेवतात. रविवारी, रात्री, सुट्टीत फडकंच. परीक्षेच्या महिन्यात एखादं पाकीट जास्त.

सरकारच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 2021 मधली ती, 15 ते 24 वयाच्या बायकांना विचारलं होतं की तुम्ही काय वापरता. देशभरात 64 टक्के सॅनिटरी नॅपकिन म्हणाल्या, 50 टक्के कापड म्हणाल्या, 15 टक्के स्थानिक पातळीवर बनवलेले नॅपकिन. बेरीज करून बघा, शंभराच्या वर जाते. म्हणजे असंख्य जणी दोन्ही वापरतात. पॅडवाली पोरगी वेगळी आणि कापडवाली वेगळी, असं समजून कार्यक्रम आखले जातात. प्रत्यक्षात पोरगी एकच असते आणि ती वार बघून ठरवते. त्याच पाहणीत बारावी किंवा त्यापुढं शिकलेल्यांमध्ये सुरक्षित साधनं वापरण्याचं प्रमाण अजिबात न शिकलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. त्याचं श्रेय शिक्षणाला देतात, ते खरंही असेल. पण रोज घराबाहेर सात-आठ तास काढावे लागतात, हेही त्यात असणारच की. घरात बसणारीला पॅडवाचून अडत नाही.

पैसा कुणाच्या हातात, हेही बघा. बारावीपर्यंत पोरींना एसटीचा पास फुकट आहे, ते चांगलंच झालं. पण त्यामुळं पोरीच्या हातात प्रवासाचे सुटे पैसेही उरले नाहीत. पूर्वी त्यातून दोन-पाच मागं पडायचे. लाडक्या बहिणीचे पंधराशे 21 वर्षांपुढं सुरू होतात. म्हणजे पैसे आईच्या खात्यावर. जुलै 2024 नंतर माझ्याकडं आया स्वतः पाकीट घ्यायला येऊ लागल्या, हे मात्र मी कबूल करते, नाहीतर आधी पोरगीच भीत भीत यायची. मी विचारते, "तुमच्यासाठी?" उत्तर ठरलेलं. "मला काय करायचंय माय, माझं भागतंय फडक्यावर." चाळिशीची बाई असते ती. तिची पाळी अजून दहा वर्षं चालायची असते.

जीएसटीचं सांगून टाकते, कारण कुणीतरी विचारतंच. पॅडवर बारा टक्के जीएसटी होता, तो जुलै 2018 मध्ये शून्य केला. पण कंपनीनं कच्च्या मालावर भरलेला कर तिला परत मिळत नाही, म्हणून पाकिटाची किंमत बारा टक्क्यांनी उतरली नाही. झालं एवढंच.

आणि स्वस्त पॅड या देशात नाहीत, असं तर मुळीच नाही. केंद्राच्या 2011 च्या योजनेत आशाताईंकडं सहा रुपयांत सहा पॅड मिळायचे. जनऔषधी केंद्रात ऑगस्ट 2019 पासून रुपयाला एक पॅड आहे. आपल्या राज्यात 8 मार्च 2018 ला अस्मिता योजना आली, ती तर आपल्याच बीड जिल्ह्याच्या पंकजाताई मुंडे ग्रामविकास मंत्री असताना. बचत गटांमार्फत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळायचं, गावातल्या बायकांना चोवीस रुपयांत. मग पोरी पस्तीस रुपये मोजून माझ्याकडं का येतात? माझा काही तोंडचा गोडवा नाही, उधारीला मी फार कडक आहे.

एकीनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "आशाताई आमच्या चुलत्याच्या घरासमोर राहती. तिच्याकडून पाकीट घेतलं की माझी तारीख सगळ्या आळीला पाठ. एखाद्या महिन्यात उशीर झाला तर विचारायला घरी येत्यात." आशाताईंचा यात काही दोष नाही, त्या बिचाऱ्या नेमून दिलेलं काम करतात. पण गावात जी बाई घरोघर गरोदर बायकांची नोंद ठेवते, तिच्याचकडून तरण्या पोरीनं दर महिन्याला पॅड मागायचं, ही रचना कुणी केली असेल? बाजाराचं गाव तिला परकं आहे, म्हणून बरं वाटतं. इथं तिला तिच्या बापाच्या नावानं कुणी ओळखत नाही. त्या अनोळखीपणाचे ती जास्तीचे पैसे मोजते.

मेडिकलवर बाप्ये बसतात, म्हणून तिकडं जायचं नाही. किराण्याच्या दुकानात चुलते, मामा कुणी ना कुणी चहा पीत असतात. राहिलं बायकांचं दुकान. मी बाई आहे आणि माझ्याकडं दहा प्रकारच्या वस्तू आहेत, त्यामुळं आत शिरताना कारण सांगावं लागत नाही. काळ्या पिशवीचं म्हणाल, तर मी स्वतःहून देत नाही, पण मागितली तर नाकारतही नाही. तत्त्वासाठी पोरीला संकटात टाकायचं, हे मला जमत नाही.

याबाबतीत वारं थोडं फिरलंय, तेही सांगते. परवा एक पोरगा आला, मिसरूड नुकतंच फुटलेलं. मोबाइल पुढं धरला. फाटलेल्या वेष्टनाचा फोटो. "हे द्या." माझ्याकडं तीच कंपनी होती, पण पाकिटाचा रंग वेगळा. त्यानं तिथल्या तिथं बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. ती म्हणाली, "निळं नको, हिरवं बघ, ते नसलं तर आणूच नको." दुकानात चार बाया बांगड्या भरत बसल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. एक हसली, एक म्हणाली, "गुणाचं लेकरू गं." पोरगा हिरवं पाकीट उघडंच हातात घेऊन गाडीवर बसून गेला. असे अजून थोडे आहेत, पण आहेत. तुमच्या शाळेत पाळीचा तास घ्याल तेव्हा पोरांना मैदानावर पाठवू नका, एवढीच त्यावर विनंती.

कोणती कंपनी घ्यायची, हे टीव्ही ठरवतो असं म्हणतात. जाहिरातीतलं ते निळं पाणी आमच्या पोरींनी लहानपणापासून बघितलंय, खरं आहे. पण माझ्या दुकानापुरतं सांगायचं तर लातूरहून दिवाळीला आलेली पोरगी टीव्हीपेक्षा भारी. दहावीनंतर गावातल्या चार हुशार पोरी नीटच्या नाहीतर जेईईच्या क्लासला लातूरला जातात, होस्टेलवर राहतात. खोलीत नांदेडची असते, परभणीची असते, कुणाची आई नर्स असते. तिथं बोलणं होतं, साधनांची अदलाबदल होते. दिवाळीला त्या घरी येतात आणि धाकट्या बहिणी, चुलत बहिणी आठवडाभरात माझ्याकडं नवीन नाव विचारायला येतात. तेव्हा व्याख्यान ठेवायचंच असेल, तर बाहेरून पाहुणे बोलावण्याआधी अशी एखादी आपल्याच गावची पोरगी उभी करा.

आता कापडाबद्दल. सरकारी कागदावर कापड हे सुरक्षित साधनांत धरत नाहीत, आणि त्यामुळं कापड वापरणारी म्हणजे अडाणी, असा एक सूर सगळ्या कार्यक्रमांत लागतो. मला तो पटत नाही. स्वच्छ धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं सुती कापड वाईट नाही. पुन्हा वापरायच्या कापडी पॅडसाठी तर भारतीय मानक ब्युरोनं 2021 मध्ये मानकही काढलंय. अडचण आहे ती धुण्या-वाळवण्याची, आणि दुसरी एक, जी कुणी बोलत नाही. घरात सुती कापड उरलेलंच नाही. आज्यांची नऊवारी लुगडी सुती होती, वापरून वापरून मऊ झालेली, त्याची फडकी चांगली निघायची. आता आईच्या साड्या सगळ्या सिंथेटिक. पाणी शोषत नाहीत, अंगाला घासतात. परभणी, जालना, बीड, तिन्ही जिल्हे कापूस पिकवतात, कापूस गाडीत भरून जिनिंगला जातो आणि घरात फडक्याला वीतभर सुती कापड नसतं. पोरी पॅडकडं वळल्या त्यात प्रचाराचा वाटा किती आणि या साड्यांचा किती, याचा कुणी हिशेब केलेला मी वाचला नाही.

धुण्याचं तर आपल्या मुलखाला सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. अजूनही डोंगरपट्ट्यात मार्च सरला की टँकरची वाट बघायची. प्यायचं, भांड्यांचं, जनावरांचं, आणि मग उरलं तर फडक्याचं. उन्हाळ्यात माझ्याकडं पॅडचा खप वाढतो तो लग्नसराईमुळं असेल असं घाऊक व्यापाऱ्याला वाटतं. मी सांगते, टँकरमुळं वाढतो. ज्या घरात घागर मोजून पाणी वापरतात, तिथं लेकीनं रक्ताचं फडकं दोन पाण्यांनी धुवायचं म्हटलं की आईच म्हणते, जा बाई, पाकीट आण. आणि पाणी असलं तरी वाळवायचं कुठं? दोरीवर टाकायचं तर वरून टॉवेल. नाहीतर गोठ्यामागं, सावलीत. ते ओलसरच परत वापरायचं. एका म्हातारीनं मला सांगितलं होतं, कापडावरून साप गेला तर बाईला मूल होत नाही, म्हणून कुणाला दिसेल तिथं टाकायचं नाही. साप राहिला बाजूला, पण फडकं कधी उन्हात आलंच नाही.

पॅड फेकायचं कुठं, हे तर अजून अवघड. पॅडमध्ये वरखाली प्लास्टिकचा पडदा, आत ओल धरून ठेवणारी पावडर. ते कुजत नाही, नीट जळतही नाही. तव्याएवढ्या आगीत जाळलं तर नुसता घाण धूर. पोरी पिशवीत घालून ओढ्यात टाकतात, कुत्री ओढत रस्त्यावर आणतात. 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की कंपनीनं पॅडसोबत गुंडाळायला पाकीट द्यावं आणि वापरणाऱ्यानं ते गुंडाळून वेगळं द्यावं. वेगळं कुणाला द्यावं? ज्या गावात घंटागाडी आहे तिथं तो कप्पाच नाही, ज्या गावात नाही तिथं ओढा आहे. कितीतरी पोरी, विश्वास बसणार नाही तुमचा, केवळ या एका कारणासाठी फडक्यावर परत गेल्या. धुतलं की कुणाला दिसत नाही, टाकायचं टेन्शन नाही.

मग कप. हेही तुम्हाला कुणीतरी सुचवणार, म्हणून लिहिते. सिलिकॉनचा छोटा कप, आत बसवायचा. काही शे रुपयांत येतो आणि नीट जपला तर दहा वर्षंही टिकतो. आठ-दहा तास चालतो, म्हणजे कागदावर तर साडेसहाच्या एसटीवाल्या पोरीसाठीच बनवलाय असं वाटावं. 2019 मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये 43 अभ्यास एकत्र करून छापलं होतं, तीन हजारांवर बायकांचे अनुभव. गळती पॅडइतकीच किंवा कमी. केरळात आलप्पुळा शहरात पाच हजार कप वाटले, आधी शिकवून मग. आपल्याकडं? लातूरहून आलेल्या एका पोरीनं ऑनलाइन मागवला. चारसहा महिन्यांनी दुकानात आली तेव्हा विचारलं. म्हणाली, होस्टेलवर ठीक होतं, घरी नाही जमत. "काकू, उकळायचा कशात? चहाच्या पातेल्यात? आजी मला घरातनं काढील." आणि आई म्हणाली, लग्न व्हायच्या आधी असलं काही आत घालायचं नाही. कौमार्याचा पडदा फाटेल ही भीती. त्या आईला समोर बसवून समजावणारं कुणी नाही. वर कप रिकामा करायला बंद दार लागतं, हात धुवायला पाणी लागतं. म्हणजे पुन्हा कडी आणि पिंप.

लग्नाचं निघालं म्हणून. कॉलेजात असेपर्यंत पॅड वापरणारी पोरगी लग्नानंतर माझ्याकडं येईनाशी होते. माहेरी आली की दोन-तीन पाकिटं एकदम नेते, पिशवीच्या तळाशी घालून. नव्या घरात पैसे मागायचे कुणाला, सासऱ्याला? आणि जिथं अजून बाजूला बसवतात, तिथं त्या दिवसांत कपाटाला, पेटीला हात लावायचा नाही. पॅड नेमकं त्या कपाटात. म्हणून काही जणी एक पाकीट न्हाणीत, डालड्याच्या जुन्या डब्यात ठेवतात. ही युक्ती मला एका नवरीनंच सांगितली.

ऊसतोडीच्या बायकांबद्दल न लिहिता हे पत्र टपालात टाकणं मला शक्य नाही. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात. निघायच्या आधी बाया दुकानात येऊन बांगड्या भरून घेतात. पॅड घेत नाहीत. फडात आडोसा नाही, खोपीजवळ पाणी नाही, पहाटे फडात शिरायचं ते मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकानं खाडा केला तर पैसे कापले जातात. पाळीत पोट दुखलं म्हणून बसायची सोय नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेला आकडा सरकारी आहे: बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेल्या, तिथं कॅन्सरची भीती घातली गेली, वर खाड्याची धास्ती. पॅड मिळाले असते तर हे टळलं असतं असं मी म्हणत नाही, ते खोटं होईल. पण ज्या बाईच्या वाट्याला सहा महिने न्हाणी नाही, तिच्या लेकीला आपण शाळेत कोणत्या कंपनीचं पाकीट द्यायचं यावर चर्चा करतो, याचं मला कधी कधी हसू येतं, आणि ते काही चांगलं हसू नसतं. टोळीसोबत कोणत्या पोरी जातात, हे तुम्हाला गावात ठाऊक असतं. निदान त्यांना निघताना सुती फडक्यांची जोडी, साबण, झाकणाची बादली असं काही देता येईल का, बघा.

राहिलं तुमच्या हातात काय आहे ते. कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवर होते, सह्या गोळा करून. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी एकदा खरीखुरी घ्या. आणि त्यात पोरींना बोलवा, आयांशिवाय, अर्धा तास. त्यांना पॅड कोणतं पाहिजे हे विचारू नका. शाळेत बदलता येतं का, पाणी असतं का, टाकता कुठं, पैसे कोण देतं, आणायला कोण जातं, एवढं विचारा. मग खरेदीचं बघू.

वित्त आयोगाच्या बंधित निधीत पाणी आणि स्वच्छता हेच तर विषय आहेत. शाळेच्या संडासाला आतून कडी, कोपऱ्यात नळ किंवा भरलेलं पिंप, झाकणाचा डबा, आणि तो डबा रिकामा करणाऱ्याला हातमोजे व चार पैसे जास्त. याला टेंडर लागत नाही. कडी तर हार्डवेअरच्या दुकानात नव्वद-शंभरात येते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणाला ठेवायचे असतात. त्यातून पॅड जरूर घ्या, पण दोन्ही मापांची घ्या, आणि शाळेत अशा कपाटात ठेवा जिथून पोरगी बाईंना न विचारता, वहीत नाव न लिहिता उचलू शकेल. जास्त उचलतील ही भीती सोडा. उचलतील पहिले दोन महिने, आईसाठी नेतील. नेऊ द्या. स्वस्त पॅड विकायचे असतील तर आपल्या आळीतल्याऐवजी दुसऱ्या आळीच्या बचत गटाकडं द्या. फोटो काढू नका. पोरगी पाकीट हातात धरून उभी आहे आणि मागं फ्लेक्सवर सगळ्यांचे चेहरे, हा फोटो गावच्या व्हाट्सॲप ग्रुपवर जातो. पुढच्या वेळी ती पोरगी कार्यक्रमाच्या दिवशी शाळेत येत नाही.

आणि शाळा-कॉलेजच्या संस्थेत तुमचं वजन असेल, तर गणवेशातली पांढरी सलवार बदलायला सांगा. पॅड निवडताना पोरींच्या मनात पहिली भीती डागाची असते. त्यात सलवार पांढरी. ती कुण्या बाईनं ठरवली नसणार, पैज लावते.

माझा धंदा बसेल, असं माझे मालक हे पत्र वाचून म्हणाले. एक्सएलचा खप कमी होईल, खरं आहे. बांगड्या आहेत की.

महिला सभा ठेवलीत तर मला निरोप द्या, मी येईन. सोमवार सोडून. सोमवारी आमच्याकडं बाजार असतो.

आपली,
बाजारतळाजवळच्या लेडीज जनरल स्टोअरची मालकीण